वाघोलीचा निळा गोळा: अस्सल की डकवलेला?

प्रश्न : पांढऱ्या स्फटिकांवर गडद निळा गोळा बसलेला एक नमुना घेतला. विकणाऱ्याने ‘वाघोलीचे कॅव्हनसाइट’ असे सांगितले. खरे-खोटे कसे ओळखायचे? हे खनिज पुण्यातच सापडले का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे. कॅव्हनसाइट प्रथम अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सापडले आणि स्टेपल्स, इव्हान्स व लिंडसे यांनी १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र ते गाजले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींमुळे. तिथे बेसाल्ट या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट या पांढऱ्या स्फटिकांच्या खनिजावर निळ्या सुयांचे गोळे मिळतात.

आता तुमचा नमुना. गोळा बहुधा खराच असतो. शंका घ्यायची ती जोडाची. सुटा पडलेला गोळा देखण्या स्टिल्बाइटवर डकवला की किंमत चढते. दहापट भिंगातून गोळ्याचा बूड पाहा. अस्सल नमुन्यात निळ्या सुया आणि पांढरे स्फटिक एकमेकांत घुसलेले दिसतात. डकवलेल्यात बुडाशी चकचकीत कड, बारीक बुडबुडे किंवा चिकटलेली दगडाची पूड सापडते. अंधारात अतिनील टॉर्च मारा. पुष्कळसे गोंद निळसर-पांढरे चमकतात. नमुन्यावर असू शकणारे कॅल्साइट हे खनिजही चमकू शकते, म्हणून फक्त जोडावरची बारीक रेघ धरा. काडीने ॲसिटोनचा थेंब जोडावर सोडला तर झटपट चिकटणारा गोंद मऊ पडतो. इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद, सहसा दाद देत नाही.

ओरखडा काढून पाहू नका. दहाच्या मोह्स मापावर काठिण्य जेमतेम ३ ते ४, त्यात सुया ठिसूळ. परीक्षेतच नमुना जायचा. निळाई व्हॅनेडियम या धातूची आहे, तांब्याची नव्हे.

प्रश्न : धूळ कशी काढावी?

उत्तर : हवेच्या रबरी फुग्याने. फारच मळले असेल तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात थोडा वेळ बुडवून सावलीत वाळवा. ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात सुया गळतात. कॅल्साइट काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याची खोड वाईट. स्टिल्बाइटची मोतिया चकाकी जाते. स्फटिकाच्या रचनेतच पाणी असल्याने तापत्या दिव्याखाली ठेवू नका. कापसात तर मुळीच गुंडाळू नका, तंतू सुयांत अडकतात आणि ओढताना सुयाच तुटून येतात. तळचा दगड पुट्टीने डबीत पक्का करा, गोळ्याला कुठेही स्पर्श नको.