मराठवाडा विकास मंडळ पुन्हा सुरू झालं तर 900 वस्तीच्या गावाला काय फायदा? की सरळ आमदाराकडंच जावं?

प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. हेच वाक्य आमचा दादा (चुलतभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा) गेली दहा-बारा वर्षं प्रत्येक पंगतीत ऐकवतो. तेव्हा उत्तर जरा लांबेल, चालवून घ्या.

तुम्ही ग्रामपंचायतीचे नवीन सदस्य आहात, म्हणून आधी मंडळाचं सांगून टाकतो. मंडळ गावाला पैसे वाटायला कधीच नव्हतं. घटनेच्या 371(2) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन मंडळं 1994 साली झाली. निधीचं समन्यायी वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी. मंडळानं अभ्यास करायचा, कुठं किती कमी पडतंय ते दाखवायचं, आणि दरवर्षी अहवाल विधानसभेपुढं जायचा. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत 30 एप्रिल 2020 ला मुदत संपली ती संपली. 2022 मध्ये मंत्रिमंडळानं पुनर्गठनाचा निर्णय घेतला. आमच्या पारावर त्याची चाहूल अजून तरी नाही.

आता माझं.

आमचं गाव बालाघाटाच्या अंगाला, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या शिवेवर. 640 माणसं. गट ग्रामपंचायत, म्हणजे अनेक गावांची मिळून एकच, आणि त्यातलं मोठं गाव आमच्या चौपट. म्हणजे आराखड्यात सिमेंट रस्ता त्यांचा, सभागृह त्यांचं, आमच्या वाट्याला हायमास्टचा एक खांब. ग्रामसेवकाकडं तीन गावं, आमच्याकडं गुरुवारी, तेही बाजार नसला तर. मी तेव्हा उपसरपंच होतो. उपसरपंच म्हणजे काय ते तुम्हाला कळेलच.

2012 चा पावसाळा कोरडा गेला. दिवाळीनंतर दोघं जण मोटारसायकलवर आले, मंडळाच्या प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी माहिती गोळा करायला. छापील तक्ता होता. शाळा आहे का, आहे. अंगणवाडी, आहे. नळपाणी पुरवठा योजना, आहे/नाही. त्यातला एक जण 'आहे' वर खूण करायला लागला, कारण टाकी समोरच दिसत होती. पांढरी, त्यावर निळ्या अक्षरात योजनेचं नाव.

म्हटलं, साहेब, वर चढा.

"टाकी तर आहे की."

"टाकी आहे. वर चढा."

शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या गंजून गेलेल्या. मी खांदा दिला, तो चढला, झाकण सरकवलं आणि फडफड करत कबुतरं बाहेर आली. त्याच्या शर्टावर काय पडलं ते सांगत नाही. खाली उतरला तेव्हा आमच्या आईनं चहा दिला आणि म्हणाली, "प्या बाबा, ह्याचं पाणी दीड कोसावरून डोक्यावर आलंय." गडी अर्धा कप पिऊन थांबला. उरलेला टाकवेना आणि पिववेना.

'आहे, पण पाणी नाही' असा रकानाच तक्त्यात नव्हता. त्यानं समासात पेन्सिलीनं लिहिलं: "टाकी रिकामी. उद्भव कोरडा. कबुतरे." (उद्भव म्हणजे योजनेचं पाणी जिथून येतं ती जागा.) मी त्याला मोठ्या गावात नेलं, त्या पानाची झेरॉक्स काढली आणि ठेवून घेतली. का ठेवली, तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीत टँकरचा ठराव केला. प्रस्ताव परत. शेरा: 'योजना अस्तित्वात आहे'. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. कागदावर आम्ही नळाचं पाणी पीत होतो आणि बाया उन्हात दीड कोस चालत होत्या. तिसऱ्या वेळी ती झेरॉक्स जोडली. आठ दिवसांत तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी झाली आणि टँकर मंजूर झाला. माणशी 20 लिटर, 640 माणसांचे 12,800. टँकर 12,000 चा, दिवसाला एक खेप, तोही विहिरीत ओतायचा आणि पोहऱ्यानं शेंदायचा. उरलेले 800 लिटर कुणाचे कापायचे यावरून विहिरीवर रोज भांडण. पण पाणी आलं.

आणि त्याच आठवड्यात दादानं आमदाराच्या पीएला फोन केला होता.

झालं. गावात आजही म्हणतात, टँकर दादाच्या फोननं आला. टँकरला हार दादानं घातला, नारळ दादानं फोडला. मी झेरॉक्सचं नाव काढलं की पोरं हसतात. फोननं फाइल हलली असेल, मी नाही म्हणत नाही. पण फोन तर आधीच्या दोन्ही वेळेलाही केले होते. मग तेव्हा का नाही आला टँकर? याचं उत्तर दादानं आजवर दिलेलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, छोट्या गावाचं दुखणं पैशाच्या आधी मोजणीत आहे. 1983 ला नेमलेल्या दांडेकर समितीनं राज्यभरातला अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, काढला 3,186 कोटींचा. 2000 साली निर्देशांक आणि अनुशेष समितीनं काढला 14,006 कोटींचा. आकडे मोठे, आणि त्यांच्यासाठी भांडणारी माणसंही मोठी होती, मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या गोविंदभाई श्रॉफांसारखी. पण दांडेकरांचं माप जिल्ह्याचं. जिल्ह्याच्या सरासरीत आमची कबुतरं दिसतात होय? पुढं केळकर समितीनं तालुका हे एकक धरा म्हणून सांगितलं, ते बरोबरच होतं, पण तो अहवाल मांडला गेला आणि तिथंच राहिला. मंडळ परत आलंच तर त्यानं एवढं करावं: टाकी मोजू नये, टाकीतलं पाणी मोजावं. वर्षातून दोनदा, एकदा पोळ्याला आणि एकदा एप्रिलात.

जिल्हा नियोजन समिती आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे. पालकमंत्री अध्यक्ष, आमदार-खासदार समोर. 640 माणसांचं गाव तिथं कुणाच्या तोंडून बोलणार? परत फोनच की.

सदस्य झालाच आहात, तर आधी तुमच्या गावाचा 'आमचं गाव, आमचा विकास'चा आराखडा (ग्रामपंचायतीचा कामांचा आणि खर्चाचा) हातात घ्या. तो कुठं भरला गेला ते विचारा. आमचा तालुक्याच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं भरला होता, मागच्या वर्षीचा काढून तारीख बदलून. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले (2021-22 ते 2025-26) साठ टक्के बंधित होते, फक्त पाणी आणि स्वच्छतेला. त्यातून पेव्हर ब्लॉक निघत नव्हते, कुणी सांगत असला तर कागद मागा. आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तुमच्या वस्तीचं नाव वेगळं लिहून घ्या. 'इतर वस्त्या' असं लिहू देऊ नका, त्या 'इतर'मध्ये आम्ही पंधरा वर्षं काढली.

आमदाराकडं जावं का? जा. मीही जातो. पण हातात कागद घेऊन जा. नुसता नमस्कार करायला गेलात तर पुढच्या निवडणुकीपर्यंत नमस्कारच करत बसाल. (हे दादासाठी नाही. थोडं आहे.)

एक राहिलं. मंडळ होतं तेव्हा सगळं सुरळीत होतं असा माझा दावा नाही. मंडळ असतानाच आमची टाकी कोरडी होती, आणि ते दोघं आमच्या गावात आले तो योगच म्हणायचा, शेजारच्या वाडीत गेलेही नाहीत. त्यांच्या अहवालात आमच्या गावापुढं 'आहे' छापलं की 'नाही', तेही मी कधी पाहिलेलं नाही.

झेरॉक्स अजून पेटीत आहे, रेशनकार्डाच्या खाली. मागच्या दिवाळीत दादापुढं ठेवली. त्यानं चष्मा लावून नीट वाचली, उलटून पाठही बघितली आणि म्हणाला, "आरं, हे तर पेन्सिलीनं लिहिलंय. हे कुणी पण लिहील. तूच लिहिलं नसशील कशावरून?"