एलसी घे, पण आधी टोक पूस

भाऊ, तालुक्याची ऑप्टिकल फायबरची रॅक भरत आली असेल तर नवीन पॅनल एलसीचंच घे. एलसी अन् एससी हे फायबर जोडायच्या कनेक्टरचे दोन प्रकार. एससीचं फेरूल, म्हणजे फायबरचं टोक धरणारी नळी, 2.5 मिलिमीटरचं, एलसीचं 1.25, म्हणून एससीच्या एका खाचेत एलसीचं डुप्लेक्स (जोडीचं) अडॅप्टर बसतं, फायबर दुप्पट. गर्दीत बोटं शिरत नाहीत, तर ओढपट्टीवाले पॅचकॉर्ड (जोडणीच्या छोट्या केबल) माग. हिरवं एपीसी कनेक्टर निळ्या यूपीसीत (तिरपं टोक नसलेल्यात) कधीच घालू नको. एपीसीचं टोक 8 अंश तिरपं असतं, नीट टेकत नाही अन् सिग्नल पडतो.

खरी काळजी धुळीची. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे तंतू सगळीकडे उडतात अन् सिंगलमोड फायबरचा गाभा, जिथून प्रकाश जातो, तो जेमतेम 9 मायक्रॉन. जोडण्याआधी दर वेळी क्लीनर फिरव. फुंकर मारू नको, वाफ टोकावर बसते. एलसीला 1.25चाच क्लीनर लागतो, मागवताना बघ.