परदेशातील सागरी संवर्धनाच्या डायव्हिंग प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून जाणे कितपत उपयोगाचे आहे?

आपण विचारले आहे की, मालवणला एकदा स्कूबा डायव्हिंग केल्यापासून समुद्राची ओढ लागली आहे. तर दोन आठवड्यांची रजा काढून परदेशातील एखाद्या प्रवाळ संवर्धन प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून जावे का, आणि तिथे नेमके काय काम करावे लागते. थायलंडच्या आखातातील कोह ताओ या बेटावर मी असे काम केले आहे, त्यामुळे हे उत्तर मुख्यतः तिथल्या अनुभवावर आधारलेले आहे. माझे मत असे की जरूर जावे; मात्र दोन आठवड्यांसाठी जाऊ नये, आणि प्रवाळांची लागवड करायला मिळेल एवढ्याच अपेक्षेने तर मुळीच जाऊ नये.

जाहिरातींतील छायाचित्रांत स्वयंसेवक लोखंडी सांगाड्यांवर प्रवाळाचे तुकडे बांधताना दिसतात. ते काम होते, पण थोडे. खरे काम असते ते मोजणीचे. रीफ चेक ही पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात समुद्रतळावर 100 मीटरची मोजपट्टी एकाच खोलीवर अंथरतात, तिच्यावर 20 मीटरचे चार भाग घेतात आणि प्रत्येक भागानंतर 5 मीटर मोकळे सोडतात. त्या प्रत्येक भागात दर अर्ध्या मीटरवर पट्टीच्या बरोबर खाली काय आहे, हे पाहून प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने नोंदवायचे असते: कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, खडक, वाळू, तुटक्या प्रवाळांचा चुरा, नुकताच मेलेला प्रवाळ. अशा 160 नोंदी झाल्या की एक सर्वेक्षण पूर्ण होते. त्याच पट्टीच्या दोन्ही बाजूंना मिळून 5 मीटर रुंदीच्या पट्ट्यात डायव्हरांची दुसरी जोडी फुलपाखरू मासे, हेकरू, पोपटमासे मोजते आणि तिसरी जोडी काळे लांब काट्यांचे सी अर्चिन, समुद्री काकड्या, महाकाय शिंपले शोधत जाते. बोटीवरून ऐकताना हे सोपे वाटते. परंतु प्रवाह पट्टी हलवत असताना, टाकीत उरलेली हवा दाखवणाऱ्या काट्यावर लक्ष ठेवत, नुकताच मेलेला प्रवाळ आणि शेवाळ चढलेला जुना मृत प्रवाळ यांत अचूक फरक करणे ही सवयीने येणारी गोष्ट आहे. पहिले काही दिवस तर आपल्या नोंदी प्रशिक्षकाच्या नोंदींशी ताडून पाहण्यातच जातात, आणि दोन्ही जुळू लागल्याशिवाय कोणताही जबाबदार प्रकल्प आपले आकडे स्वीकारत नाही. दोन आठवडे पुरत नाहीत ते यामुळेच.

या आकड्यांचे मोल फार मोठे आहे. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी जगातील चौथी व्यापक प्रवाळ-विरंजनाची घटना जाहीर केली. पाणी नेहमीपेक्षा तापून तसेच राहिले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारे, त्याला अन्न पुरवणारे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. त्यानंतर तो सावरला की मेला, हे सांगायला त्याच जागेच्या आधीच्या वर्षांच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. त्या कोणीतरी दर वर्षी कंटाळा न करता घेतलेल्या असतात, आणि स्वयंसेवकाने त्या साखळीतील एक कडी व्हावे, यातच या कामाची प्रतिष्ठा आहे असे मला मनापासून वाटते.

तयारीबद्दल. मालवणला पर्यटक ज्या प्रकारे पाण्यात उतरतात, त्यात प्रशिक्षक आपल्याला धरून नेतो. ते प्रमाणपत्र नव्हे. किमान ओपन वॉटर (18 मीटरपर्यंत) आणि शक्य तर ॲडव्हान्स्ड (30 मीटरपर्यंत) हे अभ्यासक्रम पूर्ण करावेत. ते तारकर्लीला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा अंदमानात करता येतात. त्याहून महत्त्वाची आहे बॉयन्सी, म्हणजे हातपाय न हलवता पाण्यात एकाच पातळीवर स्थिर राहणे. श्वास घेतला की शरीर किंचित वर जाते, सोडला की खाली येते, आणि तळापासून हातभर अंतर राखून पाटीवर लिहिताना तेवढ्यावरच तोल सांभाळावा लागतो. फांद्यांचा प्रवाळ वर्षाला साधारण 10 सेंटीमीटर वाढतो, तर गोलसर दगडासारखा पोरायटीस जेमतेम एक सेंटीमीटर. पायांत घातलेल्या फिनचा (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पट्टीचा) एकच निष्काळजी फटका कित्येक वर्षांची वाढ मोडून टाकतो. ज्याला स्थिर राहता येत नाही त्याच्या हातून संवर्धनापेक्षा नुकसान अधिक होते, हे कटू असले तरी खरे आहे.

प्रकल्प निवडताना पैसे भरण्याआधी लेखी विचारा: नोंदी कोणाकडे जातात, त्याच जागांची मोजणी किती वर्षे चालू आहे, कायम कर्मचाऱ्यांत स्थानिक माणसे किती आहेत, आणि प्रवाळ हाताळण्याची सरकारी परवानगी आहे का. थायलंडमध्ये विनावेतन कामही कायद्याने कामच समजले जाते, म्हणून व्हिसा व परवान्याबद्दलही लेखी उत्तर घ्या. स्वयंसेवकानेच पैसे भरायचे, यात मला काही गैर वाटत नाही, कारण बोट, हवेच्या टाक्या आणि प्रशिक्षण यांचा खर्च कोणीतरी उचलायलाच हवा. पण या प्रश्नांची उत्तरे टाळून केवळ कासवांबरोबरची छायाचित्रे पाठवणाऱ्या ठिकाणी जाऊ नये.

विमा डायव्हिंगचाच घ्यावा. साध्या प्रवास विम्यात ते बहुधा धरलेले नसते. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान 18 तास, आणि मी तर म्हणेन पूर्ण दिवस, मोकळा ठेवावा. ऋतूचे गणितही आपल्यापेक्षा वेगळे आहे: मालवणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो तेव्हा कोह ताओला डायव्हिंग चालू असते, आणि तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, त्यातही नोव्हेंबर टाळलेला बरा.

यंदा दोनच आठवडे रजा मिळत असेल, तर ती तारकर्ली किंवा अंदमानात दोन्ही अभ्यासक्रम पूर्ण करून बॉयन्सी पक्की करण्यासाठी वापरा, आणि पुढच्या वर्षी किमान चार आठवडे काढता आले की मग कोह ताओला अर्ज करा.