"लाईट लावा ना जरा!" – ग्रंथालयातली मोफत प्रदर्शनं, टूर आणि व्याख्यानं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकं सोडूनही बरंच काही फुकट चालतं, जाऊन बघा. त्यावर इतकी पत्रं आली, आणि त्यातली निम्मी तक्रारीची! चार निवडलीत.

ताई, तुमचं ऐकून जुन्या हस्तलिखितांचं प्रदर्शन बघायला गेलो. आत इतका अंधार की चष्मा लावूनही अक्षर लागेना. त्यात प्रत्येक ग्रंथाची दोनच पानं उघडी, बाकी सगळं बंद. फुकट आहे म्हणून लाईटबिल वाचवतात का? – एक वैतागलेला वाचक

हसू आलं, कारण हाच प्रश्न मी एकदा तिथल्या बाईंना जरा चढ्या आवाजात विचारला होता. त्या काही बोलल्याच नाहीत, खिशातून मोबाईलएवढं एक यंत्र काढलं आणि काचेवर धरलं. आकडा आला ४८. मग म्हणाल्या, पन्नासच्या वर गेलं की मला ओरडा बसतो.

ते लक्स मीटर होतं, उजेड मोजायचं. जुना कागद, शाई, जलरंग असलं काही मांडायचं असेल तर साधारण ५० लक्सच्या आत ठेवायचं असा जगभरच्या ग्रंथालयांत आणि म्युझियममध्ये दंडक आहे. ऑफिसात आपल्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असतात, म्हणजे बघा. आणि उजेडाने जे नुकसान होतं ते भरून येत नाही, साचत जातं. उडालेला रंग ग्रंथ कपाटात ठेवून विश्रांती दिली म्हणून परत येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला वर्षाचा उजेडाचा कोटा ठरवून दिलेला असतो, तो संपला की पान उलटतात नाहीतर ग्रंथ आत जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. तुम्ही बघितलेली दोन पानं काही महिन्यांनी तिथे नसतील, त्यामुळे परत गेलात तर नवीनच काहीतरी बघायला मिळेल.

आता उपाय. दारातून आत आल्या आल्या पेटीकडे धावू नका, आधी पाचेक मिनिटं भिंतीवरची माहिती वाचत उभे राहा, डोळे सरावतात. पांढरा शर्ट घालून जाऊ नका, काचेत आपलंच पोट दिसतं (अनुभव!). आणि थोडं तिरकं उभं राहून ग्रंथाच्या खाली बघा. त्याला एक पाळणा असतो, त्या एकाच ग्रंथाच्या मापाने केलेला, म्हणजे पुस्तक सपाट न उघडता जितपत उघडणं त्याच्या पाठीला झेपेल तितकंच उघडं राहतं. पानं उडू नयेत म्हणून कडेला पारदर्शक पट्टी लावलेली असते, ती दिसली की मला उगाच भारी वाटतं. बाकीची पानं बघायची असतील तर काउंटरवर विचारा, बऱ्याच ग्रंथांचं स्कॅनिंग झालेलं असतं, घरी बसून झूम करून बघता येतात.

मी कुठल्याच लायब्ररीची मेंबर नाही, वाचनही फार नाही. टूरला गेले तर कोणी विचारेल का की तुम्ही इथे कशाला? आणि फ्री टूर म्हटलं की शेवटी काहीतरी गळ्यात मारतात, तसं काही आहे का? – एक गृहिणी

कोणी काही विचारत नाही हो. बॉस्टन पब्लिक लायब्ररी १८४८ ची, तिच्या १८९५ साली उघडलेल्या इमारतीच्या मुख्य दारावर दगडात कोरूनच ठेवलंय, 'सर्वांसाठी मोफत'. त्यात मेंबर, बिगरमेंबर असं काही नाही. खर्च करातून नाहीतर देणग्यांतून आधीच भागलेला असतो, म्हणून शेवटी पेटी फिरवत नाहीत. टूर देणारे बऱ्याचदा स्वयंसेवक असतात, हौसेने येतात, आणि समोरचा खरंच ऐकतोय म्हटल्यावर सुटतातच.

वाचन नसलं तर टूर उलट जास्त आवडेल, कारण ती पुस्तकांपेक्षा इमारतीची असते. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची मुख्य इमारत घ्या, १९११ ची. वरचं वाचनालय जवळपास ३०० फूट लांब, आणि त्याची जमीन उभी कशावर आहे तर खालच्या सात मजली पोलादी मांडण्यांवर! म्हणजे पुस्तकं ठेवायचे रॅकच इमारतीचे खांब. २०१४ मध्ये एका रात्री छताचं एक नक्षीचं फूल खाली पडलं, नशीब तेव्हा हॉल रिकामा होता, मग सगळं छत तपासायला घेतलं आणि तो हॉल उघडायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. असलं काही नुसतं आत जाऊन वर बघून कळत नाही, कोणीतरी बोट दाखवून सांगावं लागतं. साधे बूट घाला, तासभर उभं राहायचंय.

व्याख्यानासाठी ऑनलाईन नाव नोंदवलं, कन्फर्मेशनही आलं, तरी दारातून परत पाठवलं, म्हणाले हॉल भरला. मग नोंदणीला अर्थ काय? – एक निवृत्त शिक्षक

सर, राग बरोबर आहे, पण त्यांची अडचण अशी की फुकटच्या कार्यक्रमाला नावं धडाधड नोंदवतात आणि पाऊस आला, कंटाळा आला की येतच नाहीत. म्हणून बरेच जण खुर्च्यांपेक्षा जास्त नावं घेतात आणि सुरू व्हायच्या थोडं आधी रिकाम्या जागा रांगेतल्यांना देऊन टाकतात. कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात हे असतं. अर्धा तास आधी जा. आणि हो, जमणार नसेल तर नाव काढून टाका, मी स्वतः दोनदा काढलेलं नाही त्यामुळे जास्त बोलत नाही.

तसंच मोफत म्हणजे पास लागत नाही असंही नाही. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची जेफरसन बिल्डिंग बघायला पैसे नाहीत, पण वेळ ठरवून पास घ्यावा लागतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मौल्यवान ग्रंथांचं कायमचं दालन फुकट, आणि मोठं खास प्रदर्शन असलं की त्याला तिकीट. घरातून निघायच्या आधी त्या दिवसाचं पान उघडून बघा, बास.

सात वर्षांच्या मुलाला न्यावं का? मागच्या वेळी दहा मिनिटांत "चल ना घरी" सुरू झालं. – एक आई

न्या, पण सगळं दाखवायच्या भानगडीत पडू नका. एकच वस्तू निवडा आणि तिच्यात काहीतरी शोधायला लावा. न्यूयॉर्कच्याच लायब्ररीत १९८७ पासून एका लहान मुलाची खरीखुरी खेळणी आहेत, ज्यांच्यावरून विनी द पूच्या गोष्टी सुचल्या ती. अस्वल, गाढव, डुक्कर, वाघ, कांगारू सगळे आहेत, फक्त कांगारूचं पिल्लू नाही. ते १९३० च्या दशकात सफरचंदाच्या बागेत हरवलं ते हरवलंच. असं काही आधी सांगून नेलं की मुलं पेटीसमोरून हलत नाहीत, कोण नाहीये ते मोजत बसतात.

तुमच्याकडच्या प्रदर्शनात असं काय आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा, मग चित्र काढायला एक वही द्या आणि वीस मिनिटांत बाहेर. वहीबरोबर पेन्सिलच न्या, पेन बऱ्याच ठिकाणी दारातच ठेवायला लावतात.