शिकारीच्या कपड्यांवरचा चिखल: आधी वाळवा, मग धुवा

प्रश्न: शिकारीहून आलो की चिखलाने माखलेले जॅकेट आणि पँट लगेच मशीनमध्ये टाकतो. तरी शिवणींत माती राहते, कापडावर तपकिरी डाग पसरतात. शिवाय वॉटरप्रूफ जॅकेटमध्ये आता पाणी मुरते. कुठे चुकते?

उत्तर: घाई नडते आहे. ओला चिखल घुसळला की मातीचे बारीक कण धाग्यांच्या आत जाऊन बसतात. कपडे हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. खपली बोटाने दाबताच तुटली, की समजा वाळली. मग अंगणात झटका आणि मऊ ब्रशने शिवणी, बाह्यांच्या कडा साफ करा. खिसे उलटे करून पाहा. काडतूस राहिलेले असेल तर ते मशीनमध्ये जाता कामा नये. त्यानंतर बादलीत गार पाण्याने, पाणी नितळ येईपर्यंत खळबळा. एवढे केलेत तर निम्मे काम झाले.

रक्ताच्या डागाला गार पाणीच हवे. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने गोठतात आणि डाग पक्का होतो.

मशीन अर्धेच भरा, चेन आणि वेल्क्रो बंद करा, पाणी ३० अंश ठेवा. साबण मात्र पारखून घ्या. नेहमीच्या पावडरीत बहुधा कपडे उजळ दिसावेत म्हणून घातलेले द्रव्य असते. ते अतिनील किरणे शोषून निळसर प्रकाश फेकते, आणि हरणांना निळ्याकडचा प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून असे द्रव्य नसलेला, बिनवासाचा, पातळ साबण थोडाच घाला.

जॅकेटमध्ये पाणी मुरते ते बहुतेक साबणाचा अंश आणि सॉफ्टनर (कपडे मऊ करणारे द्रव्य) यांमुळे. पाण्याचे थेंब घरंगळावेत म्हणून कापडावर लेप असतो. त्यावर हा थर बसला की कापड पाणी धरते. सॉफ्टनर कायमचा बंद करा, शेवटी दोनदा खळबळा. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटे फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा कामाला लागतो. खांद्यावर पाणी शिंपडून पाहा. थेंब उभा राहिला तर ठीक. पसरून कापड गडद झाले, तर स्वच्छ जॅकेटवर वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा.

मेण लावलेल्या सुती जॅकेटला यातले काहीच लागू नाही. ते मशीनमध्ये घालू नका, साबणही नको. गार पाण्यात भिजवलेल्या स्पंजाने पुसून सावलीत टांगा.