निव्वळ आयनिक समीकरण: कोणाला सुटं करायचं, कोणाला नाही

निव्वळ आयनिक समीकरणात, म्हणजे अभिक्रियेत खरोखर भाग घेणारे कणच दाखवणाऱ्या समीकरणात, बहुतेकांची गाडी मधल्या पायरीवर अडते: कोणाचे आयन सुटे लिहायचे आणि कोणाला अखंड ठेवायचं. पाण्यात विरघळलं म्हणजे आयन झालेच, असं धरून चालू नका. ॲसिटिक आम्ल पाण्यात सहज मिसळतं, पण ते सौम्य आम्ल आहे. त्याचे बहुतेक रेणू अखंडच राहतात. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडशी होणाऱ्या अभिक्रियेत डावीकडे अख्खं ॲसिटिक आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन, उजवीकडे ॲसिटेट आयन आणि पाणी. गळतो तो फक्त सोडियम, कारण तो दोन्ही बाजूंना जसाच्या तसा राहतो. हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, तर क्लोराइडही गळला असता. तीव्र आम्लांची (पाण्यात जवळजवळ पूर्ण सुटी होणाऱ्यांची) यादी छोटी आहे, ती आणि विद्राव्यतेचे नियम (कोणते क्षार पाण्यात विरघळतात ते) सरळ पाठ करा. त्याला पर्याय नाही. अवक्षेप (न विरघळता तळाशी बसणारा घन पदार्थ), वायू आणि पाणी अखंडच लिहा.

मग अणूंबरोबर प्रभारही मोजा. हे बरेच जण विसरतात. तांबं आणि सिल्व्हर नायट्रेट घ्या, जिथे तांब्याचा अधिक २ प्रभाराचा आयन होतो आणि चांदी सुटी पडते: तांब्याच्या एका अणूसमोर एकच सिल्व्हर आयन लिहिला तरी अणू जुळतात, पण प्रभार डावीकडे अधिक १ आणि उजवीकडे अधिक २ येतो. सिल्व्हर आयन २ हवेत.

आणि सगळेच आयन दोन्ही बाजूंना जसेच्या तसे राहिले, तर ‘अभिक्रिया होत नाही’ असं निःशंक लिहा.