एकच ओव्हरले दोन इनिटना पुरतो का?

भाऊ, ठिबक चालवणाऱ्या तुमच्या जुन्या बोर्डावर इनिट (चालू होताच बाकी सगळं सुरू करणारा पहिला प्रोग्राम) बिझीबॉक्सचा आहे, नव्यावर सिस्टमडी, आणि दोन्हींची इमेज, म्हणजे बोर्डावर टाकायचं तयार लिनक्स, बिल्डरूट या बांधणीच्या साधनातून निघते. ओव्हरले, म्हणजे इमेजमध्ये वरून कॉपी होणारी आपल्या फाइलींची डिरेक्टरी, एक ठेवू की दोन, असं विचारलंय. मी तीन ठेवतो: एक सामायिक, आणि दोन्ही इनिटचा एकेक.

वाटणी बोर्डाप्रमाणे करू नका. प्रत्येक फाइलीला एवढंच विचारा, हिला वाचतं कोण? होस्टनेम, प्रोफाइल, तुमच्या प्रोग्रामची सेटिंग इनिट बघून बदलत नाही, ती सामायिकमध्ये. काय सुरू करायचं ते सांगणाऱ्या फाइलींपैकी इनिटटॅब आणि एस५० वगैरे स्क्रिप्टा बिझीबॉक्सकडे, युनिट फाइली सिस्टमडीकडे. बिल्डरूटनं स्वतःचा मूळ डिरेक्टऱ्यांचा सांगाडाही असाच वाटलाय.

फसवते ती एफएसटॅब, म्हणजे बूट होताना काय कुठं माउंट करायचं (जोडायचं) त्याची यादी. दोघंही वाचतात, म्हणून मीही ती सामायिकमध्ये टाकली होती. त्यात मेमरी कार्डाची एक ओळ. जुन्या बोर्डात कार्ड नसलं तर माउंट एक तक्रार छापायचा आणि गाडी पुढं जायची. हिंगणघाटकडं एका कपाशीच्या वावरात नवा बोर्ड लावला, कुणीतरी कार्ड काढून नेलं. रात्री थ्री-फेज लाइन आली, पण मोटर सुरू होईना. मोटरघरात बॅटरी तोंडात धरून सिरियल केबल जोडली, तर पडद्यावर ९० सेकंदांची मोजणी चाललेली, आणि ती संपताच इमर्जन्सी मोड. सिस्टमडी एफएसटॅबच्या ओळीचं माउंट युनिट बनवतो आणि ते लागलं नाही की बूट अडवतो. त्या ओळीत फक्त 'नोफेल' (नसलं तरी बूट पुढं ने) हवं होतं. त्या शेतकऱ्याची पाण्याची पाळी हुकली, ते अजून मनाला लागून आहे.

उलट बाजूनंही तेच. टेम्प, रन, डेव्ह-पीटीएस ही लिनक्सची ठरलेली ठिकाणं सिस्टमडी स्वतः माउंट करतो. बिझीबॉक्सला ते एफएसटॅबमध्ये लिहून द्यावं लागतं. म्हणून एफएसटॅब दोन, वेगवेगळ्या.

ओव्हरलेच्या सेटिंगमध्ये मधे जागा सोडून अनेक डिरेक्टरी देता येतात. त्याच क्रमानं कॉपी होतात, नंतरची आधीचीला झाकते. सामायिक आधी, इनिटची नंतर.

आणि तुमचे प्रोग्राम बिनमध्ये नको, यूएसआर-बिनमध्ये ठेवा. सिस्टमडी निवडला की बिन, एसबिन, लिब हे यूएसआरकडं जाणारे दुवे होतात. ओव्हरलेत खरी बिन डिरेक्टरी दिसली की बिल्डरूट बिल्डच थांबवतो.